रेंज नाही म्हणजे काय नाही?



आत्ता माझा आवाज तुमच्यापर्यंत येतो आहे तो रेडिओच्या लहरींवरून. एक ट्रान्समीटर बोलतो आणि गावोगावचे संच ऐकतात. ऐकणारा एक असो की एक लाख, कुणाच्या वाट्याचा आवाज कमी होत नाही. शेजाऱ्यानं रेडिओ लावला म्हणून तुमचा रेडिओ अडखळला, असं कधी झालेलं नाही. (जे कुणी मोबाइलच्या ॲपवरून ऐकत असतील त्यांना हे लागू नाही. त्यांच्यापुढे मध्येच गोल गोल फिरणारं चाक येत असेल. आजचा विषय नेमका त्यांचाच आहे.)

मी कला शाखेचा पदवीधर. विज्ञानाची साथ दहावीनंतर सुटली. पण शब्दांचा धंदा करणाऱ्या माणसाला एखादा शब्द फार वापरात आला की त्याच्या आत डोकवावंसं वाटतं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या बोलीत असा एक शब्द आला आहे, 'रेंज'. फोन लागत नाही, रेंज नाही. फोटो जात नाही, रेंज नाही. पैसे अडकले, रेंज नाही. रेशनच्या दुकानात अंगठा उमटत नाही, रेंज नाही. ताप हा जसा एक आजार नसून अनेक आजारांचं लक्षण असतं, तसं या शब्दाचं आहे. आणि ताप कशाचा हे न बघता सगळ्यांना एकच गोळी दिली तर काय होतं, हे आपण जाणतोच.

माझा भाचा मोबाइलच्या टॉवरांच्या देखभालीचं काम करतो. रत्नागिरी जिल्ह्याच्या डोंगराडोंगरांतून त्याची मोटरसायकल फिरत असते. "मामू, फोनवरच्या दांड्या बघून लोक मला शिव्या देतात, पण दांड्यांचा आणि नेटचा संबंध अर्धाच आहे," असं तो म्हणतो. त्या अर्ध्या संबंधापासून सुरुवात करू.

फोनच्या कोपऱ्यातल्या त्या दांड्या टॉवरचा आवाज किती जोरात ऐकू येतो एवढंच सांगतात. तो स्वच्छ ऐकू येतो की नाही, हे त्या सांगत नाहीत. जत्रेत तुमच्या कानाशी कुणी ओरडून बोललं तरी आजूबाजूच्या गलक्यात शब्द कळत नाहीत, तसं. अमेरिकेतले क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली गणितानं हे मांडून ठेवलं. एखाद्या वाटेनं किती माहिती जाईल हे दोन गोष्टींवर ठरतं: वाट किती रुंद आहे, आणि आवाजाच्या मानाने गलका किती आहे. मोबाइल तेव्हा कुणाच्या खिशात नव्हता, पण आज तुमच्या हातातला फोरजी आणि फाइव्हजी फोन त्याच हिशोबावर चालतो. शिवाय किती ताकदीला किती दांड्या दाखवायच्या, याचा सगळ्यांनी पाळावा असा एक नियम नाही. एकाच जागी एका फोनवर तीन दिसतील, दुसऱ्यावर दोन. तेव्हा दांड्यांवरून भांडणं करू नयेत.

लहरींचेही स्वभाव असतात. कमी वारंवारतेच्या, म्हणजे ७००, ८०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतून आत शिरतात, टेकडीच्या कडेवरून थोड्या वळतातही. फाइव्हजीसाठी वापरल्या जाणाऱ्या ३,३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरी खूप माहिती वाहून नेतात, पण लवकर थकतात. भिंत आली की अडखळतात. आमच्या कोकणातली जुनी घरं चिऱ्याची. हातभर जाडीच्या त्या भिंती मे महिन्यात माजघर गार ठेवतात आणि बारा महिने मोबाइलला बाहेर ठेवतात. वर पत्रा घातला असेल तर विचारूच नका, धातू लहरींना सरळ परतवून लावतो. म्हणून घरातली पोरं फोन घेऊन पडवीत, नाहीतर विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसतात. म्हातारी माणसं त्यावरून रागावतात. पोरांचं भौतिकशास्त्र मात्र बरोबर असतं.

इथपर्यंतच्या गोष्टीला 'रेंज' म्हणणं योग्य आहे. आता पुढची.

टॉवरकडे जेवढी वाट आहे तेवढीच ती असते, आणि त्याच्या छायेतल्या सगळ्यांनी ती वाटून घ्यायची असते. नळ एक, हंडे शंभर. गणपतीत आमच्या भागात चाकरमानी येतात. मुंबई, ठाणे, वसई-विरार सगळं कोकणात उतरतं. ज्या टॉवरखाली एरवी तीनशे फोन असतात तिथं हजार होतात, आणि मुंबईच्या सवयीप्रमाणे प्रत्येक जण आरतीचा व्हिडिओ त्याच मिनिटाला पाठवायला बघतो. ईदेला आखातातली माणसं सुट्टीवर आली की आमच्या मोहल्ल्यात तेच. दांड्या पूर्ण, आणि नेट मात्र ठप्प. अशा वेळी फोन बंद करून चालू केला, सिम काढून पुसून पुन्हा घातलं, तरी काही होत नाही, कारण फोनला काही झालेलंच नसतं. रात्री साडेआठ ते अकरा ही रोजची गर्दीची वेळ. पहाटे उठणाऱ्यांनी अनुभव घेऊन पाहावा, तोच फोन, तीच जागा, आणि फोटो झर्रकन जातो.

मग टॉवरच्या पाठीमागे काय असतं? आपल्याला वाटतं, टॉवरपर्यंत पोचलो म्हणजे गंगेत घोडं न्हालं. पण टॉवर हा नुसता नाका आहे, पुढे शहरापर्यंत रस्ता लागतो. हा रस्ता जमिनीखालच्या फायबरचा असतो, नाहीतर एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरकडे तोंड करून बसवलेल्या गोल ढोलासारख्या तबकड्यांचा. फायबर उत्तम, पण मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण वर्षानुवर्षं चाललेलं आपण पाहिलं आहे. जेसीबीचा एक दात चुकीच्या जागी पडला की दहा गावांचं नेट जातं. भाचा म्हणतो, तुटलेली जागा शोधायला यंत्रं आहेत, पण तिथं चिखलात उतरायला माणूसच लागतो. तबकड्यांचं दुखणं निराळं. पावसानं मोबाइल बिघडतो असं लोक म्हणतात. ते तितकंसं खरं नाही, फोन आणि टॉवर यांच्यामधल्या लहरींना पावसाचं फारसं काही वाटत नाही. पण टॉवर ते टॉवर जाणाऱ्या लहरींची वारंवारता खूप वरची असते, आणि मुसळधार पावसाचे थेंब त्यांना शोषून घेतात. म्हणजे तुमच्या फोनवर टॉवर दिसतो आहे, टॉवरलाच पुढचं दिसत नाही.

आणि वीज. टॉवर विजेवर चालतो. वीज गेली की बॅटरी, बॅटरी संपली की डिझेलचा जनरेटर, आणि डिझेल संपलं की ते पोचवणारा रस्ता. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. दापोली, मंडणगडकडेही विजेचे खांब आडवे झाले, झाडांनी रस्ते अडवले, आणि त्याबरोबर फोन गेले. मुंबई, पुण्यात, आखातात बसलेल्या माणसांना आपलं घर उभं आहे की नाही एवढंही कळेना. ज्यांना ते दिवस आठवतात त्यांना 'नेटवर्क' हा शब्द चैनीचा वाटत नाही.

आता एक प्रसंग सांगतो. दोन-तीन वर्षांपूर्वीचा, ऐन श्रावणातला. गावातले एक वृद्ध गृहस्थ वारले. मुलगा कुवेतला. आमच्यात मय्यत फार वेळ ठेवत नाहीत. त्याला विमान मिळून तो पोचेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. त्यानंच फोनवर सांगितलं की थांबू नका, अस्रच्या नमाजनंतर दफन करा, फक्त मला दाखवा. आमचं कब्रस्तान खाडीच्या उतारावर, फणसाच्या आणि आंब्याच्या झाडांखाली. पाऊस लागलेला. त्याच्या चुलतभावानं छत्रीखाली फोन धरला. मी शेजारीच उभा होतो. पडद्यावर मुलाचा चेहरा आम्हाला चांगला दिसत होता, तो रडत होता तेही दिसत होतं. पण त्याच्याकडून सारखं एकच येत होतं, "भाई, काही दिसत नाही. नुसते चौकोन दिसतायत. भाई, थांबलं."

आम्हाला तो दिसतो, त्याला आम्ही दिसत नाही. हे कसं? तेव्हा विचारण्याची वेळ नव्हती. नंतर भाच्यानं सांगितलं ते असं. टॉवर वीस-चाळीस वॅटच्या ताकदीनं बोलतो. तुमचा फोन जास्तीत जास्त एक पंचमांश वॅटनं, कारण त्याला एवढ्याशा बॅटरीवर दिवस काढायचा असतो, आणि तो तुमच्या कानाला लागलेला असतो. म्हणजे टॉवरची हाक तुम्हाला ऐकू येते, तुमची ओ त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही. त्यात वाट वाटतानाही येणाऱ्या माहितीला मोठा हिस्सा आणि जाणाऱ्या माहितीला लहान हिस्सा दिलेला असतो, कारण बहुतेक लोक बघतात जास्त आणि पाठवतात कमी. त्यात उतार, त्यात भिजलेली पानं. ओली झाडी लहरी खाते. व्हिडिओ पाठवायला सेकंदाला निदान काही लाख बिट तरी जावे लागतात. तेवढी आमच्या बाजूची वाटच नव्हती.

तिथं चिपळूणला शिकणारा एक मुलगा होता. त्यानं पुढे होऊन फोनमधला कॅमेरा बंद केला. नुसता आवाज ठेवला. आवाजाला व्हिडिओच्या मानाने फार थोडी जागा लागते, सेकंदाला वीस-तीस हजार बिटमध्येही माणसाचं बोलणं नीट जातं. लगेच पलीकडून आलं, "आता ऐकू येतंय." मग त्यानं छत्रीवरचा पाऊस ऐकला, फावड्याचा आवाज ऐकला, इमामसाहेबांची दुवा ऐकली आणि आमीन म्हटलं. मूठमाती देताना त्याच्या वाटची माती चुलतभावानं टाकली, ती फोन अगदी खाली धरून.

श्रोतेहो, या घटनेत फोन चांगला होता, टॉवर चालू होता, पैसे भरलेले होते. अडचण फक्त जाण्याच्या वाटेची होती आणि तिच्यावरचा इलाज एक बटण होता. हे त्या मुलाला माहीत होतं म्हणून झालं. हे सगळ्यांना माहीत असावं असं मला वाटतं. आजच्या भाषणाचं निमित्त हेच.

आपण पाठवलेली गोष्ट जाते कशी, तेही पाहू. तीन एमबीचा एक फोटो तुम्ही पाठवता तेव्हा तो अखंड जात नाही. त्याचे सुमारे दीड-दीड हजार बाइटचे तुकडे होतात, म्हणजे साधारण दोन हजार तुकडे. प्रत्येकावर क्रमांक आणि पत्ता. जणू दोन हजार पानांचं पत्र, प्रत्येक पान वेगळ्या पाकिटात. पलीकडून पोच येते, एखादं पान हरवलं तर ते पुन्हा पाठवलं जातं, आणि पलीकडे सगळं क्रमानं लावून मग फोटो दिसतो. मधलं एक पान आलं नाही तर पुढची आलेली पानंही हातात धरून थांबावं लागतं.

यात एक मजेची गोष्ट आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलेची प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ यांच्यामधलं नेटवर्क एकदम बसलं. अंतर अवघं ४०० यार्ड, चालत पाच मिनिटं. सेकंदाला ३२,००० बिट जायचे ते ४० वर आले. तारा शाबूत, यंत्रं शाबूत. मग झालं काय? गर्दीमुळे पोच यायला उशीर व्हायचा, प्रत्येक यंत्राला वाटायचं आपलं पान हरवलं, म्हणून ते पुन्हा पाठवायचं. त्यानं गर्दी आणखी वाढायची. सगळे एकाच वेळी दाराशी रेटत होते आणि कुणीच बाहेर पडत नव्हतं. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली त्यावर उपाय मांडला. आधी हळू सुरुवात करा, वाट मोकळी दिसली तर वेग वाढवा, पान हरवलं की समजा गर्दी आहे आणि आपला वेग एकदम कमी करा. लखनौची 'पहले आप'वाली तहजीब यंत्रांना शिकवली, असंच मी म्हणेन. सगळं इंटरनेट त्या अदबीवर उभं राहिलं.

पण हा नियम तारांच्या जगात घडला. तारेवर पान हरवतं ते बहुधा गर्दीमुळे. हवेत ते कशानंही हरवतं. तुम्ही जिन्याखाली गेलात, एसटी वळणावर वळली, गाडी बोगद्यात शिरली. कोकण रेल्वेचा करबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे. पान हरवलं की यंत्र अदबीनं मागे सरतं, जिथं सरायचं कारणच नसतं. म्हणून प्रवासात बोगद्यातून बाहेर आल्यावरही थोडा वेळ नेट सुस्तच राहतं. शिवाय धावत्या गाडीत तुमचा फोन एका टॉवरच्या हातून दुसऱ्याच्या हाती दिला जात असतो. दुसऱ्या टॉवरकडे जागा नसेल तर तुम्ही मधल्यामध्ये लोंबकळता. घरचं वाय-फाय सोडून अंगणात आलात की फोनचा पत्ताच बदलतो, आणि जुन्या पत्त्यावर येणारी पाकिटं वाया जातात. यावर आता तोडगा निघाला आहे. २०२१ साली प्रमाणित झालेल्या 'क्विक' नावाच्या नव्या पद्धतीत संभाषणाला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे पत्ता बदलला तरी ओळख तुटत नाही. अनेक मोठी ॲप्स ती वापरतात. सगळी नाही.

वेग म्हणजे दोन गोष्टी, हेही लोक विसरतात. नळाला पाणी किती धो धो येतं हा एक भाग. आणि तोटी उघडल्यावर पहिला थेंब यायला किती वेळ लागतो हा दुसरा. माझ्या लहानपणी आखातातून फोन यायचा तो उपग्रहावरून. पुणे जिल्ह्यातल्या आर्वीच्या केंद्राचं नाव तेव्हा वर्तमानपत्रांतून वाचायला मिळायचं. उपग्रह ३६,००० किलोमीटर उंचीवर. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर यायला आणखी पाव. अब्बांनी "कशी आहेस?" विचारायचं, अम्मीनं "बरी आहे" म्हणेपर्यंत त्यांनी पुन्हा विचारायचं, आणि दोघांचे शब्द एकमेकांवर आदळायचे. आता ते बोलणं समुद्राखालच्या काचेच्या तंतूंतून जातं. तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते दुबई साधारण २,००० किलोमीटर. म्हणजे जाऊन येऊन सेकंदाचा पन्नासावा भाग. पण तुम्ही वापरता त्या ॲपचा संगणक युरोपात किंवा अमेरिकेत असेल तर शेजारच्या घरी पाठवलेला निरोपही तिकडे वळसा घालून येऊ शकतो.

हा उशीर थोडा असला तरी बोचतो. २०२०च्या टाळेबंदीत आम्ही कवींनी संगणकावर मुशायरे आणि कविसंमेलनं केली. शेर म्हटला की समोर शुकशुकाट, आणि पुढच्या शेराचा पहिला शब्द उच्चारला की मागच्याची दाद यायची. कवीला दाद उशिरा मिळण्याची सवय असते. पण इतक्या मोजून मापून उशिरा नव्हे.

या समुद्राखालच्या वाटा फार जुन्या आहेत. मुंबईहून एडनमार्गे सुएझला तारायंत्राची केबल पडली ती १८७० साली. 'ग्रेट ईस्टर्न' नावाच्या अवाढव्य जहाजातून मुंबई-एडनचा तुकडा टाकला गेला. आजच्याही अनेक केबली त्याच अंगाने, तांबड्या समुद्रातून जातात, आणि मुंबईला वर्सोव्यासारख्या ठिकाणी किनाऱ्यावर येतात. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या, तेव्हा आपल्याकडचं इंटरनेट रांगायला लागलं. दोनच दिवसांनी दुबईजवळ तिसरी तुटली. तिथं दुरुस्तीवाल्यांना तळाशी टाकून दिलेला जहाजाचा नांगर सापडला. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ पुन्हा केबली तुटल्या आणि भारत, पाकिस्तान, आखात सगळीकडे नेट मंदावलं. त्या आठवड्यात आमच्या गावात लोक टॉवरकडे बोट दाखवत होते. टॉवर बिचारा उभा होता.

दुबईच्या बाबतीत आणखी एक कारण आहे, ते विज्ञानातलं नव्हे. तिथं इंटरनेटवरून मोफत बोलण्यावर बरीच वर्षं सरकारी बंधनं राहिली, ठरावीक ॲप्सनाच परवानगी. चॅटचा निरोप जातो, फोटो जातो, कॉल मात्र लागत नाही. याला रेंज काय करणार?

शेवटी येतं ते ॲप, आणि त्याच्या मागचा संगणक, ज्याला आपण सर्व्हर म्हणतो. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआयचे व्यवहार अडकले होते. त्याआधी महिना-पंधरा दिवसांतही असं झालं होतं. त्या दिवशी मुंबईत फाइव्हजीच्या टॉवरखाली उभ्या असलेल्या माणसाचेही पैसे जात नव्हते. दुकानात उभं असताना सगळ्यांत वाईट अवस्था असते ती 'पैसे गेले की नाही' ही. इथं काय होतं ते समजून घ्या. तुमचा हुकूम बँकेपर्यंत गेला, पैसे वळते झाले, पण 'झालं' हे सांगणारं उत्तर वाटेत हरवलं. किंवा हुकूमच गेला नाही. तुमच्या फोनला यातलं कुठलं खरं हे कळत नाही, म्हणून ते चाक फिरत राहतं. अशा वेळी घाईनं दुसऱ्यांदा पैसे पाठवू नयेत, आधी बँकेचा संदेश आणि ॲपमधली नोंद पाहावी. खात्यातून गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर ते आपोआप परत येण्याची मुदत रिझर्व्ह बँकेनं २०१९च्या परिपत्रकात घालून दिली आहे: माणसानं माणसाला पाठवले असतील तर व्यवहारानंतर एक दिवस, दुकानदाराला दिले असतील तर पाच दिवस. त्याहून उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई.

रेशनच्या दुकानातल्या मशिनची गोष्ट मात्र मला गंमतीची वाटत नाही. पंच्याहत्तर वर्षांची बाई चार किलोमीटर चालून येते. अंगठा ठेवते. मशिन दूरच्या संगणकाला विचारतं, ही तीच का? उत्तर वेळेत आलं नाही तर मशिन 'नाही' धरून चालतं. दुकानदार म्हणतो, रेंज नाही, आजी, उद्या या. उद्या म्हणजे पुन्हा आठ किलोमीटर. बोटांवरच्या रेषा भात लावून लावून झिजल्या असतील तर ते वेगळंच. ज्यानं ही व्यवस्था आखली त्याच्या टेबलावर नेट कधी जात नसणार. संगणकाच्या जगात १९९४पासून एक प्रसिद्ध यादी आहे, सन मायक्रोसिस्टम्स कंपनीतल्या पीटर डॉइच यांच्या नावानं ओळखली जाणारी. नवखे कारागीर कोणत्या खोट्या गृहीतकांवर काम करतात याची ती यादी. त्यातलं पहिलंच गृहीतक असं की नेटवर्क भरवशाचं असतं. तीस वर्षं हे सगळ्यांना पाठ आहे, आणि तरी ॲप बनतं ते वातानुकूलित खोलीत, फायबरच्या जोडणीवर, नव्याकोऱ्या फोनवर तपासून.

निराळंही करता येतं. निरोप लिहा, फोनमध्ये राहू द्या, वाट मिळाली की आपोआप जाईल, हे चॅटच्या ॲपनं कधीच साधलं. भरलेला फॉर्म जपून ठेवणं, फोटो आधी लहान करून पाठवणं, तुटला तिथून पुढे चालू करणं, हेही अवघड नाही. पण सरकारी कचेऱ्यांच्या कित्येक संकेतस्थळांवर वीस रकान्यांचा अर्ज भरून शेवटचं बटण दाबलं आणि नेट गेलं की सगळं कोरं. पुन्हा पहिल्यापासून. हा हवेचा दोष नव्हे.

घरच्या घरी करण्यासारखं थोडं सांगतो. बोलणं तुटायला लागलं तर आधी कॅमेरा बंद करा. फोन लांबच्या, अशक्त टॉवरला चिकटून बसला असेल तर विमानाच्या चित्राचं बटण दाबून पुन्हा सोडा, तो नव्यानं टॉवर शोधतो. घरी ब्रॉडबँड असेल तर वाय-फायवरून साधा कॉल करण्याची सोय बऱ्याच फोनमध्ये आहे, जाड भिंतींच्या घरात ती वरदान आहे. वाय-फायचा डबा लोखंडी कपाटामागे किंवा मायक्रोवेव्ह भट्टीशेजारी ठेवू नका, भट्टी आणि वाय-फाय जवळपास एकाच वारंवारतेवर चालतात. आणि नवीन सिम घेण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावरचा नकाशा पाहा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४च्या नियमांनुसार आपली सेवा कुठं पोचते याचा नकाशा कंपन्यांनी प्रसिद्ध करायचा आहे. नकाशावर गाव रंगवलेलं आहे आणि गावात फोन लागत नाही, असं असेल तर तो नकाशाच तक्रारीला जोडा.

तक्रार आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे करायची, तिचा क्रमांक लिहून घ्यायचा, आणि समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं. अर्जात मात्र 'रेंज नाही' एवढंच लिहू नका. आमच्या गावानं गेल्या उन्हाळ्यात अर्ज केला, तेव्हा भाच्याला बसवून मसुदा केला. कोणत्या वाडीत, घरात की बाहेर, किती वाजता, बोलणं तुटतं की नेट थांबतं, येणारं थांबतं की जाणारं, वीज गेल्यावर किती मिनिटांनी टॉवर मरतो, असं सगळं पंधरा दिवस वहीत टिपून लिहिलं. वही मदरशातल्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांनी ठेवली. पहिल्याच आठवड्यात दिसलं की वीज गेली की चाळीस मिनिटांत टॉवर बंद पडतो. कंपनीचा माणूस येऊन बॅटऱ्या बदलून गेला. कब्रस्तानच्या उताराचं काम अजून बाकी आहे. त्यासाठी पलीकडच्या टेकडीवर दुसरा टॉवर लागेल असं उत्तर आलं आहे, आणि टेकडीवर वीज न्यायला सहा खांब लागतात.